जोकरचे सुटे अंक बांधून घेताना

कॉमिकचे अंक पुढेमागे विकायचा विचार असेल तर बाइंडिंगच्या नादाला लागू नका. पिन निघाली, घडीत दोरा गेला, की हौशी गिऱ्हाइकाच्या लेखी तो अंक संपला. तसे अंक प्लास्टिकच्या पिशवीत, मागे पुठ्ठा घालून ठेवा आणि विसरून जा. पण ज्यांना वाचायचे आहेत, मित्राला द्यायचे आहेत, दहा वर्षांनी पुन्हा काढायचे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

कोल्हापुरात गंगावेशीकडं आमचं बाइंडिंगचं काम चालतं. शाळांची हजेरीबुकं, सोसायट्यांच्या खतावण्या, वकिलांचे निकालांचे गठ्ठे, हे आमचं रोजचं जेवण. सासऱ्यांच्या काळात वाचनालयांचे इंद्रजालचे संच यायचे, वेताळाचे. इंद्रजाल कॉमिक्स 1964 पासून 1990 पर्यंत निघाली, त्यामुळं ते संच आजही कुणाच्या तरी माळ्यावरून उतरतात. हल्ली भाच्याच्या ओळखीनं इंग्रजी कॉमिकवाली पोरं येतात आणि त्यांच्या पिशवीत सगळ्यात जास्त वेळा निघतो तो बॅटमॅन, त्यातही त्याचा वैरी जोकर परत येतो ते कथानक. ‘डेथ ऑफ द फॅमिली’. बांधायच्या आधी मी वाचते. न वाचता क्रम लावता येत नाही आणि या कथानकात सगळी गोम क्रमातच आहे.

मूळ कथा पाचच अंकांची आहे. 2011 साली नव्यानं सुरू झालेल्या बॅटमॅन मालिकेचे 13 ते 17, म्हणजे ऑक्टोबर 2012 ते फेब्रुवारी 2013. लेखन स्कॉट स्नायडरचं, चित्रं ग्रेग कपुलोची. याशिवाय बॅटगर्ल, नाइटविंग, बॅटमॅन अँड रॉबिन, रेड हूड, टीन टायटन्स, कॅटवुमन, सुइसाइड स्क्वॉड अशा बाकीच्या मालिकांनी त्याच महिन्यांत आपापले जोडअंक काढले. पोरं तो सगळा ढीग टेबलावर ओततात आणि म्हणतात, “मामी, एकातच बांधा की सगळं.” तसं बांधू नका. दोन खंड करा. पहिल्यात फक्त मूळ पाच आणि त्यांच्या आधी एक अंक, तो कुठला ते सांगते.

2011 मधला डिटेक्टिव्ह कॉमिक्सचा नवा पहिला अंक. टोनी डॅनियलचा. त्याच्या शेवटच्या पानावर जोकरच्या चेहऱ्याची कातडी सोलून भिंतीवर टांगलेली आहे. त्यानंतर जोकर गायब. साधारण वर्षभर त्याचा पत्ता नाही आणि तो सोललेला चेहरा पोलिसांच्या ताब्यात. अंक 13 मध्ये तो परत येतो तो चेहरा न्यायलाच. पोलीस आयुक्त गॉर्डनच्या ठाण्यातले दिवे जातात, अंधारात त्याचा आवाज बोलत राहतो, विनोद करतो आणि एकेक पोलीस मरत जातो. माणूस आपल्याला धड दाखवलेलाच नाही. पुढं तो दिसतो तेव्हा तोच वाळत चाललेला चेहरा पट्ट्यांनी स्वतःच्या तोंडावर ताणून बांधलेला असतो.

आता ते शेवटचं पान आणि हा अंधार, पाठोपाठ बांधले तर काय होतं? पान उलटलं की जोकर हजर. गेला कधी आणि आला कधी, वाचणाऱ्याला कळतच नाही. ज्यांनी तेव्हा अंक महिन्याच्या महिन्याला घेतले त्यांनी ते वर्ष काढलं होतं. म्हणून मी त्या दोन अंकांमध्ये काळे कोरे कागद घालते, चांगले आठ-दहा. त्यावर काही छापायचं नाही, चिकटवायचं नाही. भाचा आधी हसला होता. आता तोच दुसऱ्यांना सांगतो, मामीकडनं काळी पानं घालून घ्या. हे एवढं माझं ऐकलंत तरी बाकीचं कुठल्याही बाइंडरकडं करून घ्या, माझी हरकत नाही.

हा माणूस परत येण्यासाठीच जन्माला आलाय. 1940 च्या वसंतात बॅटमॅनचा पहिला स्वतंत्र अंक निघाला, जोकर त्यातलाच. त्या अंकातल्या जोकरच्या दुसऱ्या गोष्टीत तो मरणार होता, चित्रंही तशीच तयार होती. व्हिटनी एल्सवर्थ या संपादकानं अडवलं आणि तो जिवंत आहे असं दाखवणारी एक चौकट शेवटी घालायला लावली. एका चौकटीवर ऐंशीच्या वर वर्षं निघाली! त्याच अंकात तो रेडिओवरून जाहीर करतो की रात्री बाराच्या ठोक्याला हेन्री क्लॅरिज मरेल, आणि बंदोबस्त असूनही क्लॅरिज मरतो. 2012 च्या अंक 13 मध्ये जोकर तीच खेळी पुन्हा खेळतो, या वेळी महापौरावर. जुनी गोष्ट माहीत असेल तर तुम्ही महापौराकडं बघत बसता आणि घाव भलतीकडंच बसतो. म्हणून 1940 ची ती गोष्ट आधी वाचा. पुनर्मुद्रणं मिळतात.

मधल्या काळात जोकर मवाळ झाला होता. 1954 मध्ये अमेरिकेत कॉमिकांवर आचारसंहिता आली आणि खुनी माणसाचा खोडकर विदूषक झाला. 1973 मध्ये बॅटमॅनच्या 251 व्या अंकात डेनी ओनील आणि नील ॲडम्स यांनी त्याला पुन्हा खुनी केलं. तीही एक वापसीच म्हणायची. आणि 1988 मध्ये वाचकांना फोन करून मत द्यायला सांगितलं होतं, बॅटमॅनचा जोडीदार, दुसरा रॉबिन जेसन टॉड जगावा की मरावा. मरावा म्हणणारे 5343, जगावा म्हणणारे 5271. बहात्तर मतांनी पोरगं गेलं. आपल्याकडं ग्रामपंचायतीला यापेक्षा कमी फरकानं माणसं पडतात, पण ती दुसऱ्या दिवशी चहाला भेटतात. त्या कथेचं नाव ‘अ डेथ इन द फॅमिली’. 2012 चं नाव त्यावरूनच आलंय आणि तोच जेसन पुढं रेड हूड होऊन या जोडअंकांत आहे.

जोडअंकांचं माझं मत थोडक्यात. बॅटगर्लचे 14 ते 16 बांधाच. 1988 मध्ये जोकरनं ज्या बार्बराला, म्हणजे बॅटगर्लला, गोळी घालून चाकाच्या खुर्चीत बसवलं, तिच्याकडंच तो परत येतो, आणि गेल सिमोननं ते तिच्या बाजूनं लिहिलंय. बॅटमॅन अँड रॉबिनचे 15, 16 आणि नाइटविंगचे 15, 16 घ्या. रेड हूड आणि टीन टायटन्सचे 15, 16 एकमेकांत गुंतलेत, घ्यायचे तर दोन्ही घ्या. कॅटवुमन आणि सुइसाइड स्क्वॉडचे तुमच्याकडं असतील तर असोत, मुद्दाम पैसे घालून मागवू नका. दुसरा खंड वाचायचा कधी? मूळ कथेचा 16 वा अंक संपला की. जोकर बॅटमॅनच्या घरातल्या सगळ्यांना एकेक करून उचलतो ते या अंकांत आहे आणि 17 व्या अंकात तो सगळ्यांना एका जेवणाच्या टेबलाभोवती बसवतो. म्हणून पहिल्या खंडात 16 आणि 17 च्या मध्ये एक रुंद फीत सोडते. ताटावरची झाकणं काढल्यावर काय निघतं ते मी सांगत नाही.

आता हातातलं काम. आधी पेन्सिलीनं, अगदी हलक्या हातानं, प्रत्येक पानाच्या खालच्या आतल्या कोपऱ्यात नंबर घाला. कॉमिकच्या पानांवर आकडे बहुतेक नसतातच आणि पिना निघाल्यावर वारा आला तर तुम्ही बसाल चित्रं जुळवत. मग अंक मधोमध उघडा, पिनेचे दोन्ही पाय बोथट सुरीनं उभे करा आणि पाठीमागून पिन ओढा. आतून उपसून काढायला गेलात तर भोक फाटतं. गंजलेली पिन दिसली की ती आधी. आपल्या पावसाळ्यात तिचा डाग पानापानातून उतरत जातो.

जाहिराती काढायचा हट्ट पोरं हमखास करतात. ऐन रंगात आलेल्या गोष्टीत व्हिडिओ गेमचं पान येतं, राग येणारच. पण मधोमध पिन मारलेल्या अंकात प्रत्येक पान दुसऱ्या कुठल्या तरी पानाला जोडलेलं असतं. पुढची जाहिरात फाडली की मागचं जोकरचं पान सुटून हातात येतं. राहू द्या जाहिराती. मूळ कथेच्या बहुतेक अंकांच्या शेवटी जॉक या चित्रकारानं काढलेली छोटी पुरवणी कथा आहे, तीही गाळू नका. 13 व्या अंकाची पुरवणी जोकरची साथीदार हार्ली क्विन हिची आहे आणि तिच्यावाचून पुढचा धागा लागत नाही.

शिलाई जुजबंदीच पाहिजे. म्हणजे प्रत्येक अंकाच्या घडीच्या आतून दोरा जाईल आणि सगळे अंक फितींवर ओवले जातील. गठ्ठा रचून वरून दाभणानं आरपार भोकं पाडणारे बाइंडर आहेत, लवकर होतं, स्वस्तही पडतं. पण त्यात आतली बोटभर जागा मरते. कपुलोची दोन पानांवर पसरलेली चित्रं आहेत, त्यांचा मधला भाग शिलाईत जातो आणि जोकरचा अर्धा चेहरा कायमचा गडप. काम द्यायच्या आधी बाइंडरला सरळ विचारा, “घडीतनं शिवणार का वरनं?” तो “काय फरक पडतोय” म्हणाला तर उठा तिथून.

दोरा बारीक घ्या, मेणावरून ओढून घ्या. जाड दोऱ्यानं पाठ फुगते. सगळ्यात बाहेरच्या आणि मधल्या घडीला आतून पातळ टिश्यू कागदाची पट्टी लावा, पिनेची जुनी भोकं तिथंच फाटतात. या कथानकाच्या काही अंकांची मुखपृष्ठं जोकरच्या तोंडाच्या आकारात कापलेली आहेत. ती कड पहिल्या वाचनातच दुमडते, तेव्हा तिथं बटर पेपर घाला. आणि कडा कापायला मशीनवर देऊ नका. देणारच असाल तर काडीभरापेक्षा जास्त नको. जुन्या वेताळाच्या कितीतरी खंडांत वरचे संवाद अर्धे कापलेले मी पाहिलेत.

पुठ्ठा निवडताना दुकानातच हातात घेऊन दोन्ही दिशांनी हलका वाकवून बघा. एका दिशेनं तो सहज वाकतो, दुसऱ्या दिशेनं अडतो. सहज वाकताना जी वाकाची रेघ पडते ती पुस्तकाच्या पाठीला समांतर आली पाहिजे. उलटा कापलात तर खळ वाळल्यावर पुठ्ठा पापडासारखा वळतो आणि मग त्यावर पाटा ठेवलात तरी सरळ होत नाही. खळ आम्ही मैद्याचीच करतो, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी असतं, घरी करणार असाल तर स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. पाठीला फेव्हिकॉल चालतो, पण पातळ हात. कॉमिकचा कागद चकचकीत असतो, जास्तीचं ओलं आत झिरपलं की पानं एकमेकांना धरतात आणि सोडवताना रंग निघून येतो.

त्यामुळं हे काम जून ते सप्टेंबर देऊ नका, कुणी घेतो म्हटलं तरी. दिवाळी झाली की चैत्रातल्या जोतिबाच्या यात्रेपर्यंत आपल्याकडं हवा कोरडी असते, तेव्हा द्या. बांधून झालं की निदान आठवडाभर शिकंज्यात, म्हणजे दाबाखाली, राहू दे. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी फोन करतं, मी उचलत नाही.

वरच्या कापडासाठी जांभळं-हिरवं रेक्झिन मागतात सगळे. मी काळं देते आणि पाठीवर फक्त वर्ष, 2012. ज्याला हवं त्यानं नाव सोनेरी अक्षरांत घालून घ्यावं, वेगळे पैसे पडतील.

ठेवताना बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको, ओल येते. शाहूपुरी, दुधाळीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांना तर सांगायलाच नको, 2019 आणि 2021 च्या महापुरात काय झालं ते त्यांनी पाहिलंय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा आणि 43 ला धोका. एकोणचाळीसची बातमी आली की खालच्या फळीवरची पुस्तकं माळ्यावर न्या, त्रेचाळीसची वाट बघू नका. तरी भिजलीच तर उन्हात टाकू नका. ओली आहेत तोवरच पानं एकेक करून अलग करा, मध्ये टिपकागद किंवा साधा पांढरा कोरा कागद घाला, तो बदलत राहा आणि पंख्याखाली ठेवा. वर्तमानपत्र घालू नका, शाई उतरते. वाळून वीट झालेला खंड आणलात तर मला काही करता येत नाही.

आणि लहान पोरांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. मुखपृष्ठावर वटवाघळाचा माणूस दिसतो म्हणून सातवीतल्या पोराला देणारे आईबाप आहेत. चौदा-पंधरा वर्षांच्या आत नको.