एमजीबीत रोव्हर व्ही८ बसवताना मागच्या एक्सलचा रेशो कसा ठरवावा

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचे १.८ लिटरचे इंजिन काढून तिच्यात रोव्हरचे ३.५ लिटर व्ही८ (आठ सिलिंडरांचे) बसवणारे बरेच जण इंजिन माउंट, रेडिएटर, एक्झॉस्ट यांचा खूप विचार करतात आणि मागचा एक्सल आहे तसाच ठेवतात. इथेच काम बिघडते. एक्सलचा रेशो म्हणजे मागची चाके एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंतचा दांडा) किती वेळा फिरतो तो आकडा. मूळ एमजीबीचा रेशो ३.९०९, म्हणजे क्राउन व्हीलला (एक्सलमधल्या मोठ्या दातचक्राला) ४३ दात आणि पिनियनला (शाफ्टकडच्या लहान चक्राला) ११. हा आकडा जेमतेम १४९ न्यूटन-मीटर टॉर्कच्या (फिरवण्याच्या जोराच्या) इंजिनासाठी निवडलेला होता. १९७३ ते १९७६ या काळात एमजीने स्वतः व्ही८ची जीटी (बंद छताची एमजीबी) बनवली, तेव्हा रेशो ३.०७ (४३ आणि १४ दात) ठेवला. त्या इंजिनाचा टॉर्क सुमारे २६० न्यूटन-मीटर, तोही २९०० आरपीएमला.

आधी गाडीत सध्या कोणता रेशो आहे ते तपासा. जुन्या गाडीत कुणी काय बदलले असेल याचा भरवसा नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, गिअर न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक सोडा आणि मागचे एकच चाक उचलून गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. आता उचललेले चाक बरोबर २० वेळा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. दुसरे चाक जमिनीवर स्थिर असल्याने डिफरन्शियलमुळे चाकाच्या दोन फेऱ्यांत क्राउन व्हील एकदाच फिरते. शाफ्ट ३९ फेऱ्यांच्या किंचित पुढे गेला तर ३.९०९, ३१ला थोडा कमी पडला तर ३.०७. दोनच फेऱ्यांवर अंदाज बांधू नका, पाव फेरा चुकला तरी निदान बदलते.

मग टायरचा घेर मोजा. १८५/७० आर१४ टायरचा कागदावरचा घेर १.९३ मीटर येतो, पण वजनाखाली टायर दबतो. ड्रायव्हरला आत बसवून गाडी चाकाचे दहा फेरे ढकला आणि अंतर टेपने मोजा. साधारण १८.७ मीटर भरते, म्हणजे एका फेऱ्याला १.८७.

सूत्र सोपे आहे. ताशी किलोमीटरमधला वेग गुणिले एक्सल रेशो, गुणिले गिअरचा रेशो, गुणिले १०००. आलेल्या संख्येला ६० गुणिले टायरच्या घेराने भागा, की आरपीएम मिळतो.

ब्रिटिश मोटरवेची मर्यादा ७० मैल, म्हणजे ताशी ११३ किलोमीटर. गिअरबॉक्स रोव्हर एसडी१ या गाडीचा पाच गिअरवाला आणि पाचवा गिअर ०.७९ धरला, तर ३.९०९ वर ३११० आरपीएम येतो. ३.०७ वर थेट चौथ्या गिअरलाच (रेशो १.०) ३०९० येतो! म्हणजे जुना एक्सल ठेवला तर पाचवा गिअर चौथ्याचे काम करतो आणि खरा पाचवा उरतच नाही. ३.०७ आणि पाचवा मिळून २४४० आरपीएम पडतो. इंजिन शांत चालते आणि टॉर्कही हाताशी राहतो. एसडी१च्याच वंशातल्या काही बॉक्सांत पाचवा ०.८३ असतो, म्हणून आपल्या बॉक्सचा आकडा पाहूनच गणित मांडा.

फोर्ड मस्टँगचा टी५ गिअरबॉक्स घेतला, तर ०.६८च्या पाचव्याला ३.०७ वर २१०० आरपीएम भरतो. मूळ कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) असलेले इंजिन हे सहज ओढते. कॅम तिखट, म्हणजे जास्त आरपीएमसाठी घडवलेला असेल तर मात्र एवढ्या कमी आरपीएमला गाडी धक्के देते. अशा वेळी एमजीबीच्या भावंड गाडीचा, एमजीसीचा, ३.३०७ रेशो (४३ आणि १३) मला जास्त योग्य वाटतो. त्यावर २२६५ पडतो.

पहिल्या गिअरचा हिशेब टाळू नका. एसडी१चा पहिला ३.३२ आहे. ३.९०९ बरोबर तो ५५०० आरपीएमला ताशी ४७ किलोमीटरवरच संपतो, चौक ओलांडायच्या आत गिअर बदलावा लागतो. ३.०७ बरोबर तो ६० पर्यंत जातो. याहून महत्त्वाचा आहे एक्सलवरचा भार. टायरची पकड सुटली नाही, तर मूळ गाडीत पहिल्या गिअरला एक्सलवर सुमारे २००० न्यूटन-मीटर येत होते. व्ही८ आणि ३.९०९ मिळून ते ३३७५ होतात, ३.०७ वर २६५०. हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचे दांडे) आणि दात त्याच एक्सलचे आहेत, हे विसरू नका.

क्राउन-पिनियन नेहमी जोडीनेच घ्या. वेगवेगळ्या गाड्यांतले एकेक जुळवले की गुणगुण ठरलेली. रेशो बदलताना डिफरन्शियलचा कॅरिअर (क्राउन व्हील ज्यावर बसते तो भाग) त्या क्राउनला चालतो का, हे विकत घेण्याआधी विचारा. सुरुवातीच्या रोडस्टरमध्ये (उघड्या छताच्या एमजीबीत) बँजो वाद्यासारख्या कवचाचा 'बँजो' एक्सल असतो, जीटीत आणि नंतरच्या रोडस्टरमध्ये नळीचा. दोन्हींचे भाग एकमेकांत बसत नाहीत. नळीच्या एक्सलमध्ये मागचे झाकण काढून, पिन सोडवून आणि सी आकाराचे वॉशर काढूनच हाफ शाफ्ट बाहेर येतात.

जोडताना दातांना मार्किंगचा रंग लावून ठसा बघा. ठसा दाताच्या मुळाशी उमटला तर पिनियन फार आत आहे, त्याच्या डोक्यामागचा वॉशर पातळ हवा. टोकाला उमटला तर जाड. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) क्राउनवर कोरलेल्या आकड्याप्रमाणे ठेवा. पिनियनचा दबणारा स्पेसर एकदाच वापरायचा असतो. नट जास्त आवळला गेला तर तो सैल करून भागत नाही, नवा स्पेसरच घालावा लागतो. नळीच्या एक्सलमध्ये सुमारे ०.८५ लिटर हायपॉइड ९० ऑइल लागते. पहिली वीस मिनिटे हलक्या पायाने चालवा, एक्सल पूर्ण थंड होऊ द्या, मगच पुन्हा निघा.

स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते. मूळ मीटर आणि त्याची ड्राइव्ह तशीच ठेवून फक्त ३.०७ बसवला, तर खऱ्या ११३ला काटा ८९च दाखवतो आणि दंडाची पावती तुमच्या नावाने येते. मीटर कॅलिब्रेट करून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.