जुनं ब्लास्ट जाता जाईना

नवीन ब्लास्ट प्लस (डीएनए-प्रथिनांचे क्रम डेटाबेसमध्ये शोधणारं सॉफ्टवेअर) टाकलं, तरी त्याची ‘ब्लास्टएन -व्हर्जन’ ही कमांड जुनाच आकडा दाखवत होती. दोनदा पुन्हा टाकून पाहिलं, तेच. शेवटी सगळ्या प्रती कुठे आहेत ते सांगणारं ‘विच -ए ब्लास्टएन’ दिलं, तर दोन ओळी आल्या: एक होम फोल्डरमधली, दुसरी सिस्टिमच्या यूएसआर-बिन फोल्डरमधली. होममधली प्रत मीच कधीतरी हाताने टाकलेली, आणि बॅशआरसीत (कमांड चालवणाऱ्या बॅशच्या सेटिंग फाइलीत) तिचा पाथ, म्हणजे शोधायची जागा, सगळ्यांच्या आधी! सॉफ्टवेअर टाकणाऱ्या-काढणाऱ्या पॅकेज मॅनेजरला तिचा पत्ताच नाही, तो काढणार काय कपाळ? फोल्डर उडवलं, ती ओळ खोडली. तरी ‘अशी फाइल नाही’! बॅश जुनी जागा लक्षात ठेवून बसला होता. ती आठवण पुसणारं ‘हॅश -आर’ दिल्यावर सुटलो. डेटाबेस वेगळ्या फोल्डरमध्ये होता म्हणून वाचला, नाहीतर पुन्हा उतरवण्यात रात्र गेली असती.