पासवर्ड मॅनेजरचं एक्स्टेन्शन टाकताय? मग या चुका टाळा

महाडीबीटीची स्कॉलरशिप, नीटचा फॉर्म, विद्यापीठाचं लॉगिन, बँक... लातूर-नांदेडला शिकायला आलेल्या पोरांकडं एवढे पासवर्ड झालेत की अर्धे वहीच्या मागच्या पानावर आन अर्धे व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेले. त्यापेक्षा बिटवर्डनसारखं पासवर्ड मॅनेजरचं एक्स्टेन्शन (सगळे पासवर्ड कुलपात ठेवून साइटवर भरून देणारी, ब्राउझरला जोडायची छोटी सोय) कधीही चांगलं, आता बरेच जण टाकायलेत बी, पण घाई नडते.

गुगलवर नाव टाकून जाहिरातीतली पहिली लिंक दाबू नका. कंपनीच्या साइटवर जा, तिथूनच क्रोम वेब स्टोअर उघडा, कारण सेम लोगोची बनावट एक्स्टेन्शन्स असतात. टाकताना "सगळ्या वेबसाइटवरचा डेटा वाचणं आणि बदलणं" अशी परवानगी मागतंय, ती पासवर्ड भरायला लागतेच, पण हीच परवानगी एखादं वॉलपेपरचं किंवा कूपनचं एक्स्टेन्शन मागत असेल तर ते आजच काढून टाका.

सगळ्यात धोक्याचं म्हणजे सेवा केंद्र नाहीतर नेट कॅफेतलं कॉम्प्युटर. तिथं क्रोमला स्वतःच्या गुगल अकाउंटनं साइन इन करून सिंक चालू केलं की तुमचं एक्स्टेन्शन, सेव्ह पासवर्ड, सगळं त्या मशीनवर उतरतं आन तुम्ही उठून गेलात तरी तिथंच राहू शकतं. तिथं काहीच टाकायचं नाही, फोनमधल्या ॲपमध्ये बघून पासवर्ड हातानं टाइप करा, "सेव्ह करू का" विचारलं तर नाही म्हणा आन उठायच्या आधी लॉगआउट.

मास्टर पासवर्ड, म्हणजे हे सगळं उघडणारा एकच मुख्य पासवर्ड, कंपनीकडं नसतो, विसरलात तर ते बी काढून देऊ शकत नाहीत, म्हणून कागदावर लिहून घरी सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवा. मेलचा पासवर्ड पण तिथंच लिहा, कारण नव्या मशीनवर लॉगिन करताना कोड मेलवर येतो आन मेलचाच पासवर्ड आत अडकलेला असला तर बसा बोंबलत. जुने पासवर्ड सीएसव्ही फाइलीतून (साध्या यादीच्या फाइलीतून) आत घेतले असतील तर ती फाइल डाउनलोड्समधून आन रीसायकल बिनमधून पण उडवा, त्यात सगळं उघडं असतं.

आयकॉन दिसत नाही? वर कोपऱ्यात कोड्याच्या तुकड्यासारखं चिन्ह आहे, तिथून पिन करा. पासवर्ड भरायचे दोन-दोन बॉक्स उघडायलेत? क्रोमचं स्वतःचं पासवर्ड सेव्ह करणं बंद करा. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालतच नाही, ॲप घ्या आन सेटिंगमध्ये ऑटोफिल (पासवर्ड आपोआप भरायचं काम) त्याला द्या.

आन नेहमीच्या साइटवर अचानक पासवर्ड भरेना झाला तर कॉपी-पेस्ट करायच्या आधी वरचा पत्ता नीट वाचा. सरकारी साइटचा शेवट बहुतेक वेळा जीओव्ही डॉट इन नाहीतर एनआयसी डॉट इन असतो. पत्त्यातल्या साइटच्या मूळ नावात एक अक्षर जरी वेगळं असलं तरी एक्स्टेन्शन भरत नाही, तिथं हातानं बी टाकू नका, टॅब बंद करा.