जॉब वाकतो, स्पिंडल अडकतो: हिशेबातल्या या चुका टाळा

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या शॉपमध्ये लेथवर कापलेल्या शाफ्टला टेपर आला, म्हणजे एक टोक जाड आणि दुसरं बारीक झालं, की पहिला संशय मशीनच्या अलाइनमेंटवर जातो. चकात (लेथच्या पकडीत) धरलेल्या जॉबचं, म्हणजे कापायच्या तुकड्याचं, मोकळं टोक जाड येत असेल, तर हेडस्टॉकला (चक फिरवणाऱ्या भागाला) हात लावण्याआधी वाकण्याचा हिशेब करा.

समजा, २० मिमी व्यासाचा स्टीलचा शाफ्ट चकाबाहेर १०० मिमी आहे आणि टूल त्याला टोकाशी ३०० न्यूटननं आडवं ढकलतंय. वाकणं म्हणजे बल × लांबीचा घन ÷ (३ × ई × आय). स्टीलचा ई (धातूचा ताठरपणा) २,१०,००० न्यूटन प्रति चौरस मिमी, या व्यासाचा आय (जाडीमुळे वाकण्याला होणारा विरोध) ७,८५४. उत्तर येतं ०.०६ मिमी, व्यासावर दुप्पट, म्हणजे ०.१२! ओव्हरहँग (चकाबाहेरची लांबी) १५० केला की हेच जवळपास ३.४ पट.

‘ईएन८ स्टीलऐवजी हार्डनिंग केलेलं (तापवून कडक केलेलं) ईएन२४ घेऊ, कमी वाकेल’ हा समज फार पसरलाय आणि तो महागात पडतो. हार्डनिंगनं ताकद वाढते, ई जवळपास तोच राहतो. म्हणून ओव्हरहँग कमी करा, टेलस्टॉकचा सेंटर (मोकळ्या टोकाला टेकू) द्या. लांब शाफ्ट सेंटर देऊनही मधे फुगीर येतो, तिथे स्टेडी (मधला आधार) लावा. फिनिश कट (शेवटचा हलका कट) ०.३ मिमी आणि इन्सर्टचा, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या तुकड्याचा, नोज (टोकाची गोलाई) ०.८ मिमी असेल तर बरंचसं बल जॉबला बाजूलाच ढकलतं, ०.४ चा नोज लावून बघा.

आता पॉवर. कट ३ मिमी, फीड (एका फेऱ्यात टूल सरकतं ते अंतर) ०.२५ मिमी, कापण्याचा वेग १८० मीटर प्रति मिनिट, कटिंग फोर्सचा (धातू कापायला लागणाऱ्या बलाचा) आकडा २,१०० न्यूटन प्रति चौरस मिमी. चौघांचा गुणाकार ÷ ६०,००० = ४.७ किलोवॉट. बरेच जण इथेच थांबतात आणि ५.५ किलोवॉटच्या मोटरवर प्रोग्रॅम चढवतात. ८० टक्के कार्यक्षमता धरली की मोटरला ५.९ लागतात. फीड अर्धा करून पॉवर अर्धी होत नाही, कारण पातळ चिपला तो २,१०० चा आकडा वाढतो. पॉवर साधारण ६० टक्क्यांवर येते. इन्सर्ट झिजला की लोड आणखी चढतो.

सगळ्यात फसवा प्रकार मोठ्या व्यासाचा. ३०० मिमीच्या फ्लँजवर १८० चा वेग म्हणजे फक्त १९१ आरपीएम. मोटरची पूर्ण पॉवर एका ठराविक आरपीएमच्या, म्हणजे बेस स्पीडच्या, वरच मिळते. समजा डायरेक्ट ड्राइव्ह (मधे गिअर नसलेल्या) स्पिंडलचा बेस स्पीड १,००० आहे, तर १९१ वर ५.५ किलोवॉटच्या मोटरमधून हातात जेमतेम १ किलोवॉट उरतो. मशीनच्या मॅन्युअलमधला पॉवर-टॉर्कचा आलेख आधी उघडा. लो गिअर असेल तर तो टाका, नसेल तर कटाची खोली कमी करा.