पेनड्राइव्हवरच्या लिनक्स मिंटची सही कशी तपासली

रावेरच्या केळीच्या वखारीतल्या जुन्या पीसीवर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरलं. मालक म्हणाले, "भाऊ, नेट कशाला जाळता? भुसावळहून पेनड्राइव्ह आलाय ना!" त्यातली आयएसओ, म्हणजे मिंट बसवायची अख्खी फाइल, हातोहात फिरलेली. २०१६ च्या फेब्रुवारीत मिंटचीच साइट हॅक होऊन लोकांना गुपचूप आत शिरायला चोरदार (बॅकडोअर) ठेवलेली आयएसओ मिळाली होती, त्यामुळे नुसत्या चेकसमवर, म्हणजे फाइलवरून काढलेल्या ओळख-आकड्यावर, माझं समाधान होत नाही. आयएसओ बदलणारा चेकसमही बदलेल की!

चेकसमची फाइल आणि तिची डिजिटल सही (फाइल मिंटवाल्यांचीच असल्याचा पुरावा) मिंटच्या साइटवरून घेतली. दोन्ही अगदी चिमुकल्या. सही तपासणारा प्रोग्रॅम जीपीजी म्हणाला, 'नो पब्लिक की', म्हणजे सही पडताळायची मिंटची जाहीर किल्ली माझ्याकडे नाही. बरेच जण इथेच नाद सोडतात. उबुंटूच्या कीसर्व्हरवरून (अशा किल्ल्या साठवणारा सर्व्हर) की आणली आणि तिचा अख्खा ४० अक्षरी फिंगरप्रिंट (ओळखखूण) मिंटच्या इन्स्टॉलेशन गाइडशी ताडला. शेवटची ८ अक्षरं जुळणारी खोटी की सहज बनते. 'गुड सिग्नेचर' आलं. सोबत की प्रमाणित नसल्याचा इशाराही येतो. आपण त्या कीवर सही केलेली नसते, एवढाच त्याचा अर्थ.

मग पेनड्राइव्हवरच्या आयएसओचा शा-२५६ चेकसम काढला. जुळेना! साइज पाहिली, तर कॉपी अर्धवट झालेली. रात्री टोरंटवरून नवी उतरवली, चेकसम जुळला, मिंट बसलं.