टोमॅटोची पानं पिवळी पडताहेत? खत घालण्याआधी या चुका टाळा

टोमॅटोचं पान पिवळं दिसलं की एकतर पाणी वाढवलं जातं, नाहीतर मूठभर युरिया पडतो. सांगली-मिरजेकडे गच्चीवर आणि परसात लावलेली बरीच रोपं मूळ दुखण्यापेक्षा या घाईनेच जातात. आधी एवढंच बघा, पिवळं पान कुठलं आहे? बुडाचं की शेंड्याचं?

नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं तर झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना पुरवतं. म्हणून पिवळेपणा खालून वर चढतो. लोह असं हलत नाही. ते कमी पडलं की शेंड्याचं कोवळं पानच पिवळं निघतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. एवढा फरक ओळखता आला की निम्मं काम झालं.

निव्वळ काळी माती कुंडीत भरणं

कृष्णाकाठच्या काळ्या मातीत ऊस जोमात येतो, म्हणून तीच पोत्यात भरून गच्चीवर नेली जाते. शेतात ठीक, पण कुंडीत ही माती वरून वाळून भेगाळते आणि तळाशी चिखल राहतो. मुळांना हवा मिळत नाही, मग खत असूनही ते वर जात नाही. माती ओली आणि तरी पान पिवळं, मलूल, असं दिसलं तर पाणी बंद करा. बोट दोन इंच आत खुपसा, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. कुंडीखालची बशी साचलेली असेल तर आधी ती रिकामी करा. पुढच्या वेळी काळी माती तिसरा हिस्साच घ्या, बाकी कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट.

बंबातली राख टाकणं

राख चांगली असते असं घरोघरी ऐकायला मिळतं. आपल्या मातीसाठी मात्र ती बहुतेकदा घातकच. काळी माती मुळात चुनखडीची आणि अल्कधर्मी, सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) बऱ्याच ठिकाणी 8 च्या आसपास. टोमॅटोला साधारण 6 ते 7 मानवतो. त्यात राख पडली की सामू आणखी चढतो आणि मातीत असलेलं लोहही झाडाला उचलता येत नाही. बोअरचं जड पाणी रोज दिलं तरी हेच होतं. इथे मातीत आणखी खत घालून उपयोग नाही, पानावरून द्यावं लागतं. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम फेरस सल्फेट, त्यात थोडा लिंबाचा रस, आणि फवारणी ऊन उतरल्यावर. राख पूर्ण बंद.

ताजं पाचट मातीत मिसळणं

उसाचा मुलूख असल्याने पाचट फुकट मिळतं. ते मातीवर आच्छादन म्हणून पसरा, उत्तम. पण न कुजलेलं पाचट मातीत कालवलं तर ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठीच वापरतात आणि रोप खालून एकसारखं फिकट पिवळं होत जातं. युरिया खरोखर कामाला येतो तो इथे. लिटरला दोन-तीन ग्रॅम, ओल्या मातीत, आठवड्याने एकदा. सोबत गांडूळखत.

खालच्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर ती मॅग्नेशियमची कमतरता. मॅग्नेशियम सल्फेट लिटरला पाच ग्रॅम फवारा.

वाकडं पान म्हणजे व्हायरसच, असं धरून चालणं

पानं वरच्या बाजूला वळून वाटीसारखी झाली, कडा पिवळ्या आणि शेंडा खुरटा असेल तर फांदी हलवून बघा. बारीक पांढऱ्या माश्या भुर्रकन उडाल्या तर हा लीफ कर्ल व्हायरसच असण्याची शक्यता जास्त. यावर औषध नाही. रोप उपटून पिशवीत बांधून टाका, आणि उरलेल्या रोपांपाशी पिवळे चिकट सापळे लावा, निंबोळी अर्क फवारा.

पण घराशेजारी उसाचा फड असेल तर थांबा. उसातल्या रुंद पानांच्या तणावर मारतात ते टू-फोर-डी (2,4-D) तणनाशक टोमॅटोला अगदी थोडं लागलं तरी पानं अरुंद होतात, पिळवटतात, देठ खाली वळतात. शेतातला तणनाशकाचा पंप घरी आणून त्यातूनच निंबोळी अर्क फवारला तरी हेच होतं, कारण नुसतं विसळून तो अंश जात नाही. परसासाठी दोन लिटरचा छोटा पंप वेगळा ठेवा. झटका हलका असेल तर रोप नवी पानं सरळ काढतं, उपटायची गरज नाही.

बुडाच्या पानांवर तपकिरी वर्तुळात वर्तुळ आणि भोवती पिवळी कड, हा करपा. ती पानं खुडून बाहेर टाका आणि पाणी बुडाशीच घाला, पानांवर उडू देऊ नका.

फळं धरलेल्या झाडाची अगदी खालची दोन-चार पानं तशीही पिवळी पडतात, ती खुडा आणि सोडून द्या. उपाय केल्यावर पूर्ण पिवळं झालेलं जुनं पान पुन्हा हिरवं होण्याची वाट बघू नका. आठ-दहा दिवसांनी शेंड्याला येणारं नवं पान बघा, आणि तोवर दुसरं काही घालू नका.