इंदूरहून पार्सल पाठवताय? वजनाआधी खोकं मोजा

दिवाळी जवळ आली की आपल्या इंदूरच्या मराठी घरांमधून फराळाची खोकी निघायला लागतात, कुणाची मुलगी पुण्यात, कुणाचा मुलगा बेंगळुरूला, कुणाची नणंद पार कोकणात. आणि दरवर्षी कुरिअरच्या काउंटरवर तोच वाद होतो, "अहो घरी काट्यावर तीन किलोसुद्धा भरलं नाही, मग सहा किलोचे पैसे कसले?" बहुतेक वेळा त्यात फसवणूक नसते, पण हिशोब कसा होतो ते आधी कुणी समजावून सांगत नाही म्हणून हे सविस्तर लिहितेय.

कुरिअरवाले दोन वजनं बघतात. एक काट्यावरचं आणि दुसरं मापाचं, ज्याला ते व्हॉल्युमेट्रिक म्हणतात, आणि दोन्हीपैकी जे जास्त त्याचे पैसे लावतात, कारण गाडीत नि विमानात तुमचं खोकं जागा किती अडवतं यावर त्यांचा खर्च ठरतो. गणित सोपं आहे. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि ५००० ने भागायचं. (काही कंपन्या सरफेसला, म्हणजे जमिनीवरून जाणाऱ्या पार्सलला, वेगळा आकडा धरतात, विचारून घ्या.) समजा खोकं ४० बाय ३० बाय २५ चं आहे, गुणाकार झाला ३०,००० आणि भागिले ५००० म्हणजे ६ किलो. आत सामान २ किलो ८०० ग्रॅम असलं तरी बिल ६ किलोचंच. तेच सामान ३० बाय २५ बाय २० च्या खोक्यात बसवलं तर ३ किलो, म्हणजे सामान तेच आणि चार्जेबल वजन बरोबर अर्धं!

म्हणून फराळाचं पॅकिंग नीट विचार करून करायचं. चिवडा हलका पण जागा भरपूर खातो, तो स्टीलच्या किंवा प्लॅस्टिकच्या डब्यात भरून डबा खोक्यात ठेवला की डब्यातली हवा आणि डब्याभोवतीची हवा, दोन्हीचे पैसे तुम्ही भरता. चिवडा आणि शेव जाड पिशवीत भरा, हलक्या हाताने हवा काढा, सील करा. चकलीला मात्र डबा हवाच, नाहीतर पोचेपर्यंत भुगा होतो, पण चकलीचा डबा मधोमध ठेवून चारी बाजूंनी शेवेच्या पिशव्या लावल्या की शेवच चकलीला गादीचं काम करते आणि वर्तमानपत्राचे बोळे कोंबायची गरज राहत नाही. लाडू जड नि आटोपशीर, ते तळाला. खोकं नवीन विकत घ्यायला हवं असं नाही, किराणावाल्याकडचं मजबूत खोकं चालतं, फक्त त्यावरचे जुने पत्ते नि बारकोड काढून टाका, नाहीतर स्कॅनिंगमध्ये घोळ होतो.

दर कसा ठरतो तर वजनाचे टप्पे असतात, बऱ्याच ठिकाणी अर्ध्या किलोचे, म्हणजे २ किलो १०० ग्रॅम झालं की अडीच किलो धरतात, तेव्हा घरीच वजन करून शंभर ग्रॅमची पुडी काढली तर अख्खा टप्पा वाचतो. मग अंतर, उज्जैन-देवासला पाठवणं वेगळं आणि बेंगळुरूला वेगळं. मग सरफेस का एअर. आणि सांगितलेल्या दरावर फ्युएल सरचार्ज आणि १८ टक्के जीएसटी चढतो, त्यामुळे काउंटरवर "किलोला किती" असं न विचारता "सगळं धरून हातात किती द्यायचे" असं विचारा.

आता पोच. पाठवण्याआधी समोरच्या माणसाचा पिनकोड कंपनीच्या साइटवर टाकून बघा, हे दोन मिनिटांचं काम लोक करत नाहीत आणि मग पार्सल तालुक्याच्या गावी पडून राहतं. पिनकोड ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, म्हणजे आपल्याच एका मराठी माणसाने. पहिला आकडा विभाग दाखवतो, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा कळतो, शेवटचे तीन म्हणजे नेमकं डिलिव्हरीचं पोस्ट ऑफिस. इंदूर आणि पुणे दोन्ही ४ ने सुरू होतात, पण पुढे ४५२ आणि ४११ असं वेगळं होतं. एक आकडा चुकला तर पार्सल भलत्याच हबला, म्हणजे सॉर्टिंगच्या केंद्राला, जातं आणि तिथून परत फिरायला आठवडा जाऊ शकतो.

पिनकोड टाकल्यावर 'ओडीए' आलं तर समजा की गाव त्यांच्या नेहमीच्या डिलिव्हरी भागाबाहेर आहे. एकतर जादा चार्ज लागेल किंवा जवळच्या शहरातल्या ऑफिसातून उचलून आणावं लागेल. अशा गावांना माझ्या मते सरळ पोस्टाने पाठवावं, देशात १ लाख ६० हजारांहून जास्त पोस्ट ऑफिसं आहेत, तेवढी पोच कुठल्याच खाजगी कंपनीची नाही. रजिस्टर्ड पोस्ट सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच मिळवलंय, आणि ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टला ५ रुपये अधिक जीएसटी देऊन ओटीपीवर डिलिव्हरी घेता येते.

पुण्या-मुंबईला रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवणं अजून खूप चालतं, सकाळी पोचतं आणि स्वस्तही पडतं, फक्त समोरच्याला पहाटे उठून बसपाशी जावं लागतं आणि ट्रॅकिंग वगैरे काही नसतं, तेव्हा पावतीचा फोटो आणि बसवाल्याचा नंबर लगेच पाठवून द्या.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे नुकसान झालं तर काय. पावतीच्या मागे बारीक अक्षरात जबाबदारीची मर्यादा छापलेली असते आणि इन्शुरन्स घेतला नसेल तर भरपाई तेवढीच. ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवर, म्हणजे त्यांच्या माल-पावतीवर, 'ओनर्स रिस्क' लिहिलेलं असेल तर तुटफूट आपल्या माथी असंच ते धरून चालतात. पैठणी, मोबाइल, चांदीची भांडी असं काही असेल तर किंमत खरी लिहा, बिलाची कॉपी लावा आणि इन्शुरन्स घ्या, चार पैसे वाचवायला किंमत कमी लिहिली की क्लेमही तेवढाच मिळतो. रोख रक्कम पार्सलमध्ये टाकूच नका. पॉवर बँक, परफ्यूम, डिओ, फटाके हेही फराळात लपवून टाकू नका, लिथियम बॅटरी आणि पेट घेणाऱ्या वस्तूंनी विमानात खरोखर आग लागू शकते.

बुकिंग झालं की पावतीवरचा नंबर तपासा, स्पीड पोस्टचा १३ अक्षरांचा असतो, शेवटी 'आयएन'. ट्रॅकिंगमध्ये दोन दिवस एकाच हबवर दिसलं तर घाबरायचं कारण नाही, सणात असं होतंच, पण 'डिलिव्हरी अटेम्प्ट, घर बंद' आलं आणि घरी माणसं असतील तर त्याच दिवशी फोन करा, नाहीतर काही अटेम्प्टनंतर 'आरटीओ' म्हणजे पार्सल परत इंदूरला. "पत्ता अपुरा आहे, लिंकवर ५ रुपये भरा" असा मेसेज आला तर लिंक उघडू नका, ती फसवणूक असते. पैसे गेलेच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर कळवा.

घेणाऱ्याला हेही सांगून ठेवा की खोकं दबलेलं किंवा टेप उघडलेली दिसली तर सही करण्याआधी डिलिव्हरीवाल्याच्या पावतीवर तसं लिहायचं आणि त्याच्यासमोरच व्हिडिओ काढत उघडायचं. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करा, तक्रार नंबर घ्या, नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर, आणि तिथे पावती, फोटो, व्हिडिओ हे तिन्ही लागतात म्हणून पार्सल सुखरूप पोचेपर्यंत काही डिलीट करू नका.